‘काळा’ आधी की ‘कावळा’? मराठी याद्या अकारविल्हे लावताना लोकेल आणि कोलेशन कसे सांभाळावे

गावातल्या वाचनालयाची पुस्तकसूची संगणकावर आणायचे काम मी घेतले, तेव्हा अकारविल्हे लावणे हा सगळ्यात सोपा भाग असेल असे धरून तो शेवटावर ठेवला होता. छापील सूचीचा पहिला मसुदा हातात आल्यावर ग्रंथपाल मॅडमनी दोन मिनिटांत दोन प्रश्न विचारले. ‘ॲ’ने सुरू होणारी पुस्तके ‘ह’च्याही खाली का गेली? आणि ‘काळ’ हा ‘काव्य’च्या आधी कसा? मी घरी येऊन तीच फाइल लॅपटॉपवर लावली, तर क्रम वेगळा आला. डेटाबेसमधून काढली, तर तिसराच. नोंदी त्याच, एका अक्षराचाही फरक नाही, आणि क्रम तीन.

याचा उलगडा व्हायला मला बरेच दिवस लागले, कारण मी चूक नोंदींमध्ये शोधत होतो. क्रम नोंदींमध्ये नसतोच. तो त्या नोंदी लावणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये असतो. भाषा आणि देश यांप्रमाणे यंत्राने कसे वागायचे हे सांगणाऱ्या सेटिंगांच्या संचाला लोकेल म्हणतात, आणि क्रम लावण्याच्या नियमांना कोलेशन. ते सेटिंग तुम्ही केले नसेल, तर यंत्र बसवणाऱ्याने किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने तुमच्या वतीने करून ठेवलेले असते. मराठी याद्यांवर काम करणाऱ्या नवख्या माणसाने कोणत्या क्रमाने काय तपासावे, ते खाली मांडले आहे.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा आणि सेटिंगांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायची.

काय हाताशी हवे

लिनक्सचे टर्मिनल हवे. लोकेल तयार करायचे असेल तर त्या यंत्रावर ॲडमिनचे अधिकार हवेत. डेटाबेसमध्ये किमान वाचण्याची परवानगी, आणि कोलेशन बनवायचे असेल तर तीही. युनिकोड क्रमांक दाखवणारे एखादे साधन हवे. पायथॉन असेल तर त्याचे ऑर्ड हे फंक्शन पुरते. यूटीएफ-८ मध्ये साठवलेली एक साधी मजकूर फाइल लागेल. आणि डेटाबेसचा ताजा बॅकअप. तो घेतल्याशिवाय सहाव्या पायरीच्या पुढे जाऊ नका.

१. आधी कागदावर ठरवा, तुम्हाला कोणता क्रम हवा आहे

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती. ‘मराठी क्रम’ म्हटले की सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट असेल असे वाटते, पण तसे नसते. शाळेत आपण ‘श ष स ह ळ क्ष ज्ञ’ म्हणतो. म्हणजे ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ल’ ०९३२ वर, ‘ळ’ त्याच्या शेजारी ०९३३ वर, ‘व’ ०९३५ वर आणि ‘ह’ ०९३९ वर आहे. ज्या प्रोग्रामला मराठी सांगितलेलीच नाही, तो ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसवणार.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे तर युनिकोडमध्ये स्वतंत्र घरच नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हे. म्हणून ‘क्षमा’ ही ‘क’च्या पोटात, ‘कौ’च्या नंतर येते आणि ‘ज्ञान’ हे ‘ज’च्या पोटात. तुमच्या वाचकाला ‘क्ष’ शेवटी शोधायची सवय आहे की ‘क’मध्ये, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. संगणक ते ठरवू शकत नाही.

तिसरा प्रश्न ‘ॲ’चा. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ मध्ये आले आणि त्याला ०९७२ ही जागा मिळाली. ही जागा सगळ्या व्यंजनांच्या, मात्रांच्या आणि देवनागरी आकड्यांच्याही पुढे आहे. म्हणून ‘ॲलर्जी’, ‘ॲसिडिटी’, ‘ॲडव्होकेट’ हे शब्द यादीच्या तळाशी जातात. ‘ऑ’ मात्र जुना रहिवासी आहे, ०९११ वर, त्यामुळे तो स्वरांमध्येच राहतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाण केली, तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या दोघांनाही स्वरांमध्ये जागा दिली. तेव्हा ‘ॲ’ स्वरांतच हवा हे उघड आहे. तो ‘अ’च्या लगेच नंतर की ‘ए’च्या शेजारी, एवढेच ठरवायचे उरते. आम्ही ‘अ’नंतर ठेवला, कारण वाचनालयात येणारी माणसे तो तिथेच शोधतात.

हे ठरले की एक छोटी चाचणी-यादी बनवा. माझी अशी आहे:

हत्ती, काळा, ॲप, ज्ञान, कावळा, अननस, क्षमा, काहूर, आंबा, करवंद, ऑफिस, काशी, जांभूळ

निव्वळ युनिकोड क्रमाने ती अशी लागते: अननस, आंबा, ऑफिस, करवंद, काळा, कावळा, काशी, काहूर, क्षमा, जांभूळ, ज्ञान, हत्ती, ॲप.

आम्हाला हवा होता तो क्रम असा: अननस, ॲप, आंबा, ऑफिस, करवंद, कावळा, काशी, काहूर, काळा, जांभूळ, हत्ती, क्षमा, ज्ञान.

दोन्ही क्रम एका कागदावर लिहून समोर चिकटवा. यापुढे कोणतेही साधन हातात आले की पहिल्यांदा ही तेरा शब्दांची यादी त्याला द्यायची. ‘काळा’ आणि ‘ॲप’ कुठे पडतात, ते पाहिले की ते साधन कोणत्या नियमाने चालते हे लगेच कळते.

२. शेलला (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) सध्या कोणते लोकेल माहीत आहे ते पाहा

टर्मिनलमध्ये नुसते ‘लोकेल’ टाइप करा. चौदा-पंधरा ओळी येतील. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या: लँग, एलसी_कोलेट आणि एलसी_ऑल. क्रम ठरवणारे सेटिंग म्हणजे एलसी_कोलेट. पण या तिघांत ज्येष्ठता आहे. एलसी_ऑल दिलेले असेल तर बाकी कोणाचेच चालत नाही. ते रिकामे असेल तर एलसी_कोलेट पाहिले जाते. तेही नसेल तर लँग.

इथला नेहमीचा सापळा असा की माणूस एलसी_कोलेट बदलतो, क्रम तसाच राहतो, आणि मग तो तासभर फाइल तपासत बसतो. कुठल्या तरी स्टार्टअप फाइलमध्ये एलसी_ऑल आधीच दिलेले असते. म्हणून आधी ते पाहा.

लिनक्सवर ओळी क्रमाने लावणाऱ्या जीएनयूच्या सॉर्ट या आज्ञेला ‘डीबग’ हा पर्याय दिला की तो स्वतःच सांगतो की कोणत्या लोकेलच्या नियमाने लावतो आहे, की साधी बाइट-तुलना करतो आहे. शंका आली की मी पहिल्यांदा हेच करतो.

सी नावाचे लोकेल सगळीकडे असते. त्याचा दुसरा उल्लेख पॉसिक्स असाही दिसेल. त्यात भाषेचा विचार अजिबात नसतो, फक्त बाइटची तुलना. यूटीएफ-८ची रचना अशी आहे की बाइटने लावले तरी युनिकोड क्रमच मिळतो, म्हणून वर दिलेला पहिला क्रम तुम्हाला सी लोकेलमध्ये नेमका मिळेल. रोमन नावांच्या बाबतीत सीमध्ये कॅपिटल झेड, क्रमांक ९०, हा स्मॉल ए, क्रमांक ९७, याच्या आधी येतो. म्हणजे कॅपिटलने सुरू होणारी सगळी नावे वर आणि स्मॉलची सगळी खाली. अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये ती एकमेकांत मिसळतात. एकाच फोल्डरची यादी दोन यंत्रांवर वेगळी दिसते, ती बहुधा याच कारणाने.

३. हवे ते लोकेल यंत्रावर आहे का, ते पाहा आणि नसेल तर तयार करा

‘लोकेल’ला ‘ए’ हा पर्याय दिला की यंत्रावर तयार असलेल्या लोकेलांची यादी मिळते. मराठीचे नाव एमआर_आयएन असे असते. यादीत ते ज्या रूपात दिसेल, अगदी त्याच रूपात पुढे वापरा.

ते नसेल आणि तरी तुम्ही सॉर्टच्या आधी ते लिहिले, तर सॉर्ट थांबत नाही. मुकाट सी लोकेलने लावून मोकळा होतो. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. मी पहिला आठवडा याच्यात घालवला: ‘मराठी लोकेल देऊनही क्रम चुकतो’ असे मला वाटत होते, आणि प्रत्यक्षात त्या सर्व्हरवर मराठी लोकेल कधी तयारच केलेले नव्हते.

डेबियन किंवा उबुंटूवर ईटीसीमधल्या लोकेल.जेन या फाइलमध्ये मराठीची ओळ असते. तिच्या सुरुवातीचे हॅशचे चिन्ह काढा आणि लोकेल-जेन ही आज्ञा ॲडमिन म्हणून चालवा. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामला लागणारे सगळे एकत्र बांधलेल्या इमेजवरून) काम करत असाल तर हे डॉकरफाइलमध्येच लिहा, कारण लहान आकाराच्या इमेजांमध्ये बहुतेक वेळा सीखेरीज काहीही नसते. अल्पाइन लिनक्सची गोष्ट आणखी वेगळी. त्यात मसल नावाची सी लायब्ररी असते आणि तिच्यात भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोयच नाही. तिथे कोणतेही लोकेल द्या, क्रम बाइटचाच.

लोकेल तयार झाले की चाचणी-यादी लावून पाहा. जीलिबसीच्या, म्हणजे बहुतेक लिनक्सवर असणाऱ्या सी लायब्ररीच्या, वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये नियम बदललेले आहेत, म्हणून ‘मराठी लोकेल आहे म्हणजे ळ बरोबर येणारच’ असे धरू नका. तेरा शब्द लावायला अर्धे मिनिटही लागत नाही.

४. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लोकेल स्वतः लिहा

टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाकली की वेगळी वागते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. कारण साधे आहे. तुमच्या लॉगिनमध्ये लँग वगैरे भरलेले असते. क्रॉन जवळपास रिकाम्या एनव्हायर्नमेंटमध्ये सुरू होतो.

माझ्याकडे घडलेले सांगतो. सभासदांची कालची आणि आजची यादी कॉम या आज्ञेने ताडून नवे कोण आले, कोण गेले ते काढायचे होते. कालची यादी मी टर्मिनलमध्ये मराठी लोकेलने लावून ठेवलेली. आजची क्रॉनने रात्री सीमध्ये लावली आणि तिथेच ताडली. कॉमला दोन्ही फाइली एकाच क्रमात लागतात, त्या तशा नव्हत्या. सकाळी अहवालात पन्नासहून जास्त सभासद ‘गेलेले’ आणि तेच ‘नव्याने आलेले’ दिसले. ज्यांच्या आडनावात ‘ळ’ होता त्यांच्यापासून गोंधळ सुरू झाला होता: काळे, गोळे अशी नावे पाहत गेल्यावर माझ्या ते लक्षात आले. फाइल क्रमात नसल्याचा इशारा कॉमने दिलाही होता. तो क्रॉनच्या मेलमध्ये पडून होता, आणि ती मेलपेटी मी कधी उघडली नव्हती.

तेव्हापासून माझा नियम दोन भागांत आहे.

माणसाला दाखवायची नसलेली, फक्त यंत्राने ताडायची यादी असेल, तर सॉर्ट, कॉम, जॉइन, युनिक या सगळ्यांना एकच लोकेल द्यायचे, आणि ते सी. स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच ‘एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी’ लिहायचे. हा क्रम कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही वर्षी बदलत नाही आणि तो भरभर चालतो.

माणसाने वाचायची यादी असेल, तर शेवटच्या एकाच टप्प्यावर मराठी क्रम लावायचा आणि त्या एका आज्ञेपुरतेच मराठी लोकेल द्यायचे.

एलसी_ऑलला सी दिल्याने क्रमाबरोबर बाकी गोष्टीही बदलतात, हे ध्यानात ठेवा. ‘काळा’ या शब्दात युनिकोडची चार चिन्हे आहेत. यूटीएफ-८ लोकेलमध्ये डब्ल्यूसी या मोजणी करणाऱ्या आज्ञेला अक्षरे मोजायला सांगितली तर तो चार सांगेल, सीमध्ये बारा, कारण तिथे तो बाइट मोजतो. हे टाळायचे असेल तर सी.यूटीएफ-८ वापरा. क्रम सीचाच राहतो आणि अक्षरे अक्षरे म्हणून ओळखली जातात. डेबियनमध्ये ते पूर्वीपासून होते, जीलिबसीच्या मूळ संचात २०२२ च्या २.३५ आवृत्तीपासून आले.

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या एसएसएचबद्दलही सावध राहा. अनेक यंत्रणांवर तुमच्या लॅपटॉपचे लँग आणि एलसीने सुरू होणारी सेटिंगे सर्व्हरवर आपोआप पाठवली जातात. दोन सहकारी एकाच सर्व्हरवर एकच आज्ञा चालवून दोन क्रम पाहतात, ते यामुळे.

५. दिसायला सारखी, आतून वेगळी अक्षरे आधी एक करा

लोकेल बरोबर असूनही दोन-चार नोंदी भलत्या जागी राहिल्या, तर मजकूर उघडून त्यातले युनिकोड क्रमांक पाहा. मराठीत दोन ठिकाणी हे हमखास सापडते.

पहिले ‘ॲ’. ते एकाच चिन्हाने लिहिता येते, ०९७२. पण ते अक्षर येण्याआधीच्या सवयीने आणि काही कीबोर्डांमुळे ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिले जाते. पडद्यावर फरक दिसत नाही. युनिकोडच्या लेखी मात्र ही दोन रूपे समान नाहीत, म्हणून एनएफसी नावाचे प्रमाणीकरण चालवूनही ती एक होत नाहीत. आमच्या सूचीत अशी काही पुस्तके ‘अ’मध्ये आणि काही तळाशी होती. ही अदलाबदल तुम्हाला स्वतः शोधा-बदला करून करावी लागेल. एकच चिन्ह असलेले रूप ठेवा.

दुसरे ‘ऱ्य’. ‘दऱ्या’मधला आडवा ‘र’ दोन प्रकारे साठवला जातो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचे अदृश्य जोडचिन्ह. बाइटच्या क्रमात ते अदृश्य चिन्ह सगळ्या देवनागरी अक्षरांच्या पुढचे, त्यामुळे ‘सातारा’च्या खालची ‘साताऱ्याचा’ ही नोंद कुठे पडेल ते लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून राहते. इथेही एक रूप निवडा आणि भरणा होतानाच दुसऱ्याचे त्यात रूपांतर करा. एनएफसी इथेही पुरत नाही.

नोंदीच्या सुरुवातीचे रिकामे चिन्ह, अवतरणचिन्ह, कंस हेही काढून टाका किंवा क्रमासाठी वेगळा स्तंभ ठेवा.

६. पोस्टग्रेसमध्ये कोलेशन पाहा आणि स्पष्ट लिहा

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टर्मिनलमध्ये उलटी तिरपी रेघ आणि एल दिले की प्रत्येक डेटाबेसचे कोलेशन दिसते. ते बहुधा कोणी मुद्दाम निवडलेले नसते. पोस्टग्रेस बसवताना त्या यंत्राचे जे लोकेल होते, तेच इनिटडीबी या सुरुवातीची मांडणी करणाऱ्या आज्ञेने उचललेले असते. एकदा डेटाबेस तयार झाला की त्याचे हे मूळ कोलेशन बदलता येत नाही. बदलायचेच असेल तर टेम्प्लेट० या कोऱ्या साच्यावरून नवा डेटाबेस हव्या त्या कोलेशनने बनवून, जुन्याचा डम्प (सगळ्या नोंदींची फाइल) काढून त्यात भरावा लागतो.

पण सगळा डेटाबेस हलवायची गरज क्वचित पडते. एखाद्या स्तंभाला, किंवा एखाद्या क्वेरीत ऑर्डर बायच्या पुढे, कोलेट लिहून वेगळे कोलेशन देता येते. भाषांचे नियम पुरवणाऱ्या आयसीयू लायब्ररीसह बांधलेल्या पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे २०१७ च्या आवृत्ती १० पासून, एमआर-एक्स-आयसीयू नावाचे कोलेशन तयार मिळते. नावात आडव्या रेघा असल्यामुळे ते दुहेरी अवतरणात लिहावे लागते. चाचणी-यादी त्यावर लावून पाहा. बहुतेक कामांना ते पुरे पडते.

तुमच्या कागदावरचा क्रम त्यापेक्षा वेगळा असेल, तर आवृत्ती १६ पासून, म्हणजे २०२३ पासून, स्वतःचे नियम देता येतात. क्रिएट कोलेशन लिहून प्रोव्हायडर आयसीयू द्यायचा, लोकेल मराठी द्यायचे आणि रूल्समध्ये असे लिहायचे:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

याचा अर्थ, ‘ह’ला धरून त्यापुढे ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. ‘ॲ’साठी याच पद्धतीने ‘&अ < ॲ’ असा नियम पुढे जोडता येतो. आपल्या वर्णमालेचा क्रम डेटाबेसला आपल्याच लिपीत सांगता येतो, हे मी पहिल्यांदा केले तेव्हा मला फार समाधान वाटले होते.

दोन गोष्टी लगेच तपासा. इंडेक्स (भरभर शोधण्यासाठी डेटाबेसने रचलेली सूची) ज्या कोलेशनने बांधला, त्याच कोलेशनने क्वेरी लावत असेल तरच क्रमासाठी तो उपयोगी पडतो. आणि ‘का’ने सुरू होणारे शब्द शोधायला लाइक वापरत असाल, तर सीखेरीज इतर कोलेशनचा साधा इंडेक्स त्याला चालत नाही. त्यासाठी टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स देऊन वेगळा इंडेक्स बांधा.

७. ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना इंडेक्स पुन्हा बांधा

हा सापळा बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर आहे. आधीच्या चुकांनी यादी वाकडी दिसते. या चुकीने नोंदी हरवतात.

पोस्टग्रेसचा बी-ट्री इंडेक्स ठरावीक क्रमाने रचलेला असतो. शोधताना तो त्या क्रमावर विसंबून डावीकडे की उजवीकडे जायचे ते ठरवतो. तो क्रम जीलिबसीकडून घेतलेला असेल, तर जीलिबसीचे नियम बदलले की जुना इंडेक्स एका क्रमाने रचलेला आणि नवा शोध दुसऱ्या क्रमाने चाललेला, अशी स्थिती होते. नोंद टेबलमध्ये असते, पण शोधल्यावर मिळत नाही. युनिक इंडेक्सला ती न सापडल्याने तीच नोंद दुसऱ्यांदा भरलीही जाते.

असा मोठा बदल ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ मध्ये झाला. डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ यांच्यात ती आली, उबुंटूत १८.१० पासून. आपले यंत्र कोणत्या बाजूला आहे हे पाहायची सोपी चाचणी आहे. एका ओळीवर इंग्रजी आकड्यांत अकरा लिहा. दुसरीवर एक, संयोगरेषा, एक लिहा. अमेरिकी इंग्रजी यूटीएफ-८ लोकेलने सॉर्ट करा. जुन्या जीलिबसीत अकरा आधी येतात, नव्यात संयोगरेषेची ओळ आधी.

काय केले तर हा धोका येतो? डेटा फोल्डर जसेच्या तसे नव्या यंत्रावर नेले तर. त्याच यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम वरच्या आवृत्तीवर नेली तर. मुख्य सर्व्हर जुन्या आणि प्रतिकृती नव्या लिनक्सवर ठेवून फाइलींची जशीच्या तशी नक्कल करणारे प्रतिकरण (फिजिकल रेप्लिकेशन) चालवले तर. डॉकरमध्ये अल्पाइनवरची पोस्टग्रेस इमेज बदलून डेबियनवरची घेतली आणि व्हॉल्यूम तोच ठेवला, तर तेही यातच मोडते, कारण सी लायब्ररीच बदलते. डम्प काढून नव्या ठिकाणी भरले तर मात्र इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि धोका राहत नाही.

करायचे ते असे. हलवण्याआधी बॅकअप. हलवल्यावर, लोकांना प्रवेश देण्याआधी, मजकुराच्या स्तंभांवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्सने पुन्हा बांधा. खात्री करून घ्यायची असेल तर ॲमचेक या एक्स्टेन्शनमधले बीटी_इंडेक्स_चेक चालवा. आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेस डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचाही इशारा देतो. तो आला की आधी रीइंडेक्स आणि मग आल्टर डेटाबेसमधले रिफ्रेश कोलेशन व्हर्जन. उलट केले तर इशारा बंद होतो आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहतो.

आयसीयू घेतल्याने हे संपत नाही. त्याच्याही आवृत्त्या बदलतात. आवृत्ती मात्र नोंदलेली राहते, म्हणून बदल लपत नाही.

८. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट हे दुसरे दोन डेटाबेस

मायएसक्यूएल ८.० पासून मूळ कोलेशन यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे आहे. ते युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमाने लावते, मराठीसाठी वेगळे कोलेशन त्यात दिलेले नाही. त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारीच राहणार.

इथे जास्त जपायचे ते समानतेला. नावातल्या एआयचा अर्थ, मुख्य अक्षराला जोडलेल्या खुणा तुलनेत धरायच्या नाहीत. नुक्ता ही अशीच खूण. ‘ऱ’ म्हणजे त्याच्या लेखी ‘र’ आणि नुक्ता. म्हणून या कोलेशनला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे एकच शब्द वाटतात, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ही. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो, हे एक झाले. त्या स्तंभावर युनिक की असेल, तर दुसरा शब्द भरताच येत नाही आणि भरणाऱ्याला कारण कळत नाही. अशा स्तंभाला एएस_सीएस जातीचे कोलेशन द्या. ते नुक्ता धरते. झेडडब्ल्यूजे वापरलेले रूप मात्र त्यालाही ओळखता येत नाही, म्हणून पाचवी पायरी आधी झालेली हवी.

मराठी क्रमच हवा असेल तर मी वापरलेला उपाय सांगतो, तो एसक्यूलाइटलाही चालतो. नोंदीबरोबर ‘क्रमकळ’ असा एक स्तंभ ठेवा. तुमच्या कागदावरच्या क्रमाने प्रत्येक स्वर, व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना दोन आकडी क्रमांक द्या. व्यंजनांचे क्रमांक मात्रांच्या आधी, हलन्ताचा सगळ्यात शेवटी. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी हवे असतील तर रूपांतर करताना त्यांना आधी ओळखून एकच क्रमांक द्या. नोंद साठवताना प्रोग्रामने हा आकड्यांचा धागा तयार करून त्या स्तंभात भरायचा आणि ऑर्डर बाय त्या स्तंभावर, बाइट क्रमाने. एसक्यूलाइटचा मूळ क्रम बाइटचाच असतो, त्यामुळे तिथे काहीच वेगळे करावे लागत नाही. हे थोडे हाताचे काम आहे, पण कोणत्याही लायब्ररीच्या आवृत्तीने ते बदलत नाही.

९. आकडे असलेली नावे

‘प्रभाग १०’ हा ‘प्रभाग २’च्या आधी येतो, कारण तुलना एकेका चिन्हाची होते. सॉर्टमध्ये आवृत्ती-क्रमाचा पर्याय कॅपिटल व्ही, तो इंग्रजी आकड्यांसाठी आहे. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचे कोलेशन बनवताना लोकेल एमआर-यू-केएन-ट्रू असे दिले की आकडे संख्या म्हणून धरले जातात, आणि त्यात देवनागरी आकडेही येतात.

१०. चाचणी-यादी कामाचा भाग करा

तेरा शब्दांची ती यादी आणि तिचा अपेक्षित क्रम अशा दोन फाइली प्रकल्पातच ठेवा. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट ती यादी डेटाबेसमधून लावून घेते आणि अपेक्षित क्रमाशी ताडते, जुळली नाही तर थांबते आणि निरोप पाठवते, अशी सोय करा. ताडताना लोकेल सी.

कोणाला फाइल काढून देताना सोबतच्या माहितीत एक ओळ लिहा: कोणत्या साधनाने, कोणत्या कोलेशनने आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीने लावली आहे, आणि ‘ॲ’, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ कुठे धरले आहेत. आमच्या छापील सूचीच्या दुसऱ्या पानावर ही ओळ आता ग्रंथपाल मॅडमच्या सांगण्यावरून छापलेली असते, आणि ‘ज्ञ’ची पुस्तके शोधायला आलेली मुले ती वाचून शेवटचे पान उघडतात.